निब पेनच्या सरावाला फुक्स की हूफनागल?

जुन्या युरोपियन झाडा-किड्यांच्या चित्रांची नक्कल करून निब पेनवर हात बसवायचाय तर सुरुवात कुठून करू, असं हल्ली दोघातिघांनी विचारलं. मी दोन्ही करून बघितलंय, म्हणून लिहितोय.

एकीकडे जर्मन वैद्य आणि वनस्पतीतज्ज्ञ लेओनहार्ट फुक्सचं १५४२ चं, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला छापलेलं झाडांचं पुस्तक, पाचशेच्या वर चित्रं, सगळे लाकडी ठसे. दुसरीकडे १५९२ चा फ्रँकफर्टचा 'आर्केटिपा', म्हणजे किडे-फुलांच्या चित्रांचा संच, चार भाग, प्रत्येकात १२ प्लेट्स, चित्रं फ्लेमिश चित्रकार योरिस हूफनागलची आणि ती तांब्यावर कोरली त्याच्या मुलाने, याकोबने, वय वर्षं १७!

फुक्स मला मनापासून आवडतो. मूळ, पान, फूल, फळ सगळं एकाच झाडावर दाखवतो. मक्याला 'तुर्की धान्य' म्हणतो, मिरचीला 'कालिकतची मिरी', म्हणजे अमेरिकेतली मिरची त्याला आपल्याकडची वाटली. आणि चित्रं काढणारे दोघं नि ठसे कोरणारा स्पेकल, तिघांचीही व्यक्तिचित्रं नावानिशी पुस्तकात छापलीत, ते पान बघून मला दरवेळी भरून येतं. ज्यांना झाड ओळखण्यात रस आहे त्यांनी बिनधास्त फुक्स घ्यावा.

पण माझी गाडी अडली ती रंगावर. झाडाचा आकार झाकला जाऊ नये म्हणून फुक्सने चित्रांत सावल्या मुद्दाम टाळल्या, त्यामुळे रेषा मोकळ्या, आत रंग भरायला जागाच जागा, आणि लोकांनी तो भरला पण. मला फुकट मिळालेले चांगले स्कॅन बहुतेक अशा रंगवलेल्या प्रतींचे. मिरचीचं पान ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढून आणलं तर लाल मिरच्या आणि हिरवी पानं एकाच काळपट रंगात बुडालेली, पानाच्या शिरा तर शोधूनही सापडेनात, आणि मला नक्कल तर त्या शिरांचीच करायची होती. बिनरंगाची प्रत मिळाली तेव्हा रेषा दिसल्या, पण बाह्यरेषा काढून झाली की पुढे पेनला कामच उरत नाही.

हूफनागलकडे नेमकं उलटं. कोरणी तांब्यात जास्त रुतली की रेष जाड, उचलत नेली की बारीक होत संपते. आपली लवचिक निब दाबली की हेच करते ना! गोगलगायीच्या शंखावरच्या वळणदार रेषा काढताना हात आपोआप कधी दाबायचं कधी सोडायचं ते शिकतो, निदान माझा तरी शिकला. तीन आठवडे फुक्स करून जे जमलं नव्हतं ते चारपाच संध्याकाळींत जमलं, अर्थात तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

त्रास यातही आहे. किड्यांची नावं नाहीत, वर-खाली लॅटिन ओळी, आणि मांडणी इतकी सजवलेली की नजर कुठे ठेवावी कळत नाही. शिवाय अख्खं पान साध्या लेझर प्रिंटरवर छापलं तर बारीक रेषा एकमेकींत मिसळून भुंग्याची पाठ नुसती काळी येते. म्हणून अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या साइटवरून मोठी फाइल घ्या, एकच जीव क्रॉप करा आणि ए-फोरभर मोठा करून छापा. शिंगांसारखे जबडे असलेला तो मोठा भुंगा मोह पाडतो, पण त्याला आधी हात लावू नका, पहिली गोगलगायच घ्या.