गूगल सर्च कन्सोल : दुखणं नेमकं कुठे आहे ते दाखवणारं साधन

जुनी घड्याळं दुरुस्त करण्याबद्दल मी एक वेबसाइट चालवते. आठ महिने गूगलवर तिचा मागमूस नव्हता. ज्यांना ती गूगलवर वर आणायचं काम सोपवलं होतं ते दर महिन्याला मेटा कीवर्डची, म्हणजे पानाच्या कोडमधल्या टॅगात लिहिलेल्या शोधशब्दांची, यादी तेवढी वाढवून द्यायचे. रँकिंगसाठी तो टॅग आपण वापरतच नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय. मला त्याचा आजही राग येतो.

शेवटी मी स्वतःच सर्च कन्सोल उघडलं, म्हणजे आपली साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन. मोफत आहे, साइट आपलीच आहे हे सिद्ध करावं लागतं, एवढंच. वरच्या चौकटीत मुख्य पानाचा पत्ता टाकला आणि कारण समोर आलं: ‘नोइंडेक्स’ टॅग, म्हणजे ‘हे पान शोधात दाखवू नका’ अशी गूगलला सूचना. साइट तयार होत असताना घातलेली ती एक ओळ कुणी काढलीच नव्हती! ती काढली, इंडेक्सिंगची (पान गूगलच्या शोधयादीत घेण्याची) विनंती पाठवली, चार दिवसांत पान दिसू लागलं.

पण दिसणं वेगळं आणि वर येणं वेगळं. लोक काय टाइप करून येतात ते परफॉर्मन्स अहवालात कळतं, तेही १६ महिन्यांपर्यंतचं. मी लिहिलं होतं ‘एस्केपमेंट दुरुस्ती’, म्हणजे घड्याळाची गती सांभाळणाऱ्या भागाची दुरुस्ती. लोक विचारत होते, ‘घड्याळ मागे का पडतं?’ मग त्याच प्रश्नावर सविस्तर पान लिहिलं, लंबकाचे स्वतः काढलेले फोटो टाकले. आज सर्वाधिक वाचक तिथूनच येतात.

एक गोष्ट मात्र खटकते. ‘क्रॉल केलं, पण इंडेक्स केलेलं नाही’ (गूगलने पान वाचलं, पण शोधयादीत घेतलं नाही) असा शेरा येतो, तेव्हा का ते हे साधन सांगत नाही. माझी तीन पानं अजून तिथेच अडकली आहेत.