कंटेनरच्या दाराला कोणते कुलूप लावावे?

कळंबोली, पनवेल, उरण पट्ट्यातून जुना 20 फुटी कंटेनर विकत घ्यायचा आणि साइटवर गोदाम म्हणून उभा करायचा, हे आता बिल्डर, सोलरची कामे घेणारे, मंडपवाले, ठिबकचा माल साठवणारे शेतकरी असे बरेच जण करतात. क्रेन निघून गेली की कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि म्हणतो, "सगळ्यात जड कुलूप द्या." दुकानदार देतोही. पण कुलूप कोणते यापेक्षा ते दारावर कुठे आणि कसे बसते, हा प्रश्न मोठा आहे. पैसे त्याच क्रमाने खर्च करावेत असे माझे मत आहे. ते का, हे आधी दार पाहिल्यावर कळेल.

कंटेनरच्या दाराला दोन झडपा असतात आणि प्रत्येक झडपेवर दोन उभे पाइप. पाइपच्या वरच्या आणि खालच्या टोकाला असलेला कॅम, म्हणजे पाइपाबरोबर फिरणारा आकडा, चौकटीतल्या खोबणीत अडकतो. उजवी झडप डावीवर चढते, म्हणून उजवी उघडल्याशिवाय डावी उघडत नाही. त्यामुळे कुलूप उजव्या झडपेला लागते. पाइप फिरवायचे हँडल आडवे होऊन एका छोट्या कोयंड्यात बसते आणि त्यातल्या भोकातून कुलपाची कडी जाते. आता गंमत अशी की हा कोयंडा मुळात कुलपासाठी केलेलाच नाही. तो सीलसाठी आहे. दार वाटेत कोणी उघडले का, एवढेच त्याने दाखवायचे असते. तो रिव्हेटने किंवा बोल्टने झडपेवर बसवलेला असतो. चार हजारांचे कुलूप तिथे लटकवले तरी चोराला कुलपाला हात लावायची गरज नाही, कोयंडा किंवा हँडल तोडले की झाले.

दुसरी बाजूही बघा. कंटेनरच्या बाजूच्या भिंतीचा नालीदार पत्रा साधारण 1.6 मिलिमीटर जाडीचा, छप्पर 2 मिलिमीटरचे आणि तळाला 28 मिलिमीटरचा प्लायवुड. म्हणजे बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आलेला माणूस थेट भिंतच कापू शकतो. तरी चोर दाराकडेच जातो, कारण भिंतीला मोटार किंवा केबलचा ड्रम निघेल एवढे भोक पाडायला बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पत्रा शेजारपाजार ऐकेल असा किंचाळतो. दार गुपचूप उघडते. म्हणून कुलपाकडून एवढीच अपेक्षा ठेवा की दार भिंतीपेक्षा सोपे राहू नये. त्यापुढे घातलेला पैसा वाया जातो.

बिजागऱ्यांची काळजी अनेकांना उगाच वाटते. त्या बाहेरून दिसतात, कापताही येतात, पण चारही पाइपांचे कॅम वर-खाली चौकटीत अडकलेले असतात, त्यामुळे झडप लगेच हातात येत नाही.

बसवायचे चार प्रकार

सगळ्यात स्वस्त म्हणजे हँडलच्या कोयंड्यात नेहमीचे उघड्या कडीचे कुलूप. कडी मोकळी असल्यामुळे बोल्ट कटरचा जबडा तिला सहज पकडतो. कडी किती जाड आणि कशाची, यावर इथे सगळे ठरते. 8-10 मिलिमीटरची मऊ पोलादी कडी मोठ्या कटरपुढे टिकत नाही. 12-14 मिलिमीटरची, बोरॉनयुक्त कडक केलेली कडी हातकटरला बरीच भारी पडते. स्टेनलेसची चकचकीत कडी गंजत नाही, पण तेवढी कडक नसते. समुद्राकाठी घ्यायला हरकत नाही, तिला मजबूत मात्र समजू नका. कडी कडक केलेली आहे का याची दुकानात करता येण्याजोगी चाचणी सोपी आहे: कानस घासून बघा. कडक कडीवर कानस घसरते, मऊ कडीवर ओरखडा उठतो. दुकानदार घासू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

याच जागी खांदेवाले कुलूप लावता येते. त्याची कडी दोन्ही बाजूंनी कुलपाच्या अंगाने झाकलेली असते, मधला थोडाच भाग उघडा राहतो. कटरला शिरायला जागा मिळत नाही. पहार घालून पिळायलाही अवघड जाते. अडचण एकच: खांदे कोयंड्याला टेकतात आणि कडी आरपार जात नाही. घेण्याआधी कोयंड्याचे भोक, पट्टीची जाडी आणि आजूबाजूची जागा मोजा. जमले तर उघड्या कडीपेक्षा हे नक्कीच सरस. कोयंड्याच्या रिव्हेटचा कच्चा दुवा मात्र तसाच राहतो.

दोन्ही झडपांना सांधणारी आडवी पट्टी हा तिसरा प्रकार. ती मधल्या दोन उभ्या पाइपांना कवटाळते, लांबी कमी-जास्त करता येते आणि कुलूप पट्टीतच असते. हिचा मोठा गुण म्हणजे वेल्डिंग लागत नाही. कंटेनर भाड्याचा असेल तर मालक वेल्डिंग करू देत नाही, तेव्हा हिच्यासारखा पर्याय नाही. उजवी झडप डावीला बांधलेली असल्यामुळे हँडलचा कोयंडा उडवला तरी दार उघडत नाही. मात्र पट्टी कोणत्या पोलादाची आणि कुलूप किती झाकलेले, यात बाजारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हलक्या पट्ट्यांवर लटकते कुलूप बाहेरच असते, मग कटरचा प्रश्न पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

आणि चौथा, माझा आवडता: लॉकबॉक्स. 5-6 मिलिमीटरच्या पत्र्याची तळाला उघडी पेटी एका झडपेवर वेल्ड करायची, दुसऱ्या झडपेवरचा कोयंडा तिच्या आत यायला हवा. कुलूप खालून हात घालून लावायचे. कटरला कडी दिसतच नाही, हातोडा मारायला कोन मिळत नाही, ग्राइंडर आधी पेटीवर चालवावा लागतो. पाऊसही थेट आत जात नाही. कारखान्यातून नव्याने येणाऱ्या, एकाच फेरीच्या कंटेनरवर ही पेटी अनेकदा बसवलेली मिळते. जहाजांवर वर्षानुवर्षे फिरलेल्या जुन्या डब्यांवर बहुधा नसते, ती फॅब्रिकेटरकडून करून घ्यावी लागते. त्याच्या डोक्यावर उभे राहून दोन गोष्टी बघा. वेल्ड सगळीकडून सलग हवी, चार टाके मारून निघून जाऊ देऊ नका. आणि वेल्डिंगआधी कुलूप हातात ठेवा, कारण पेटीत हात आणि कुलूप दोन्ही मावले पाहिजेत. किल्ली न पाहता, चाचपडत फिरवावी लागते. पहिले काही दिवस वैताग येतो, मग हात बसतो.

गोल, चपट्या कुलपाचाही उल्लेख करायला हवा. त्याची कडी पाठीमागे पूर्ण लपलेली असते, त्यामुळे बाहेरून पकडायला काही मिळत नाही. दिसायला देखणे आणि कटरला अभेद्य. पण त्याला जोडीचा खास कोयंडा लागतो आणि कोयंडा कमकुवत असेल तर मोठ्या पाइप पान्ह्याने अख्खे कुलूप पिळून काढता येते. कोयंड्याला सभोवती पोलादी कडे असेल तरच घ्या. कंटेनरच्या दाराला भोके पाडून बोल्टने बसवू नका, पावसाळ्यात तिथून पाणी आत येते.

कुलपाच्या आत

कुलपाच्या पोटातली यंत्रणा निवडताना लोक चोर तारेने कुलूप उघडेल का याचा विचार करतात. साइटवर तसा चोर क्वचितच येतो. त्याच्याकडे कटर असतो, किंवा किल्लीची नक्कल. धूळ, सिमेंट, खारी हवा आणि नकली किल्ली यांच्यापुढे यंत्रणा टिकते का, हे बघावे.

पिन-टंबलर, म्हणजे सपाट दातेरी किल्लीचे कुलूप. लायनस येल ज्युनिअर यांनी 1860च्या दशकात याचे पेटंट घेतले आणि आज जगात हेच सर्वाधिक दिसते. आत छोट्या पिना आणि त्यांच्यावर बारीक स्प्रिंगा. बांधकामावरची सिमेंटची धूळ आत गेली आणि वर पावसाची ओल लागली की ती तिथेच घट्ट होते, पिना अडकतात. स्प्रिंगा गंजतात. तेल घातले तर धूळ आणखी चिकटते, म्हणून यात ग्राफाइटची भुकटी घालावी. आपल्याकडे जिला कॉम्प्युटर किल्ली म्हणतात, ती खळग्यांची किल्लीही याच कुळातली. उघडायला ती थोडी अवघड, धुळीचे दुखणे तेच.

लिव्हरचे कुलूप आपल्या ओळखीचे. अलीगढने ते घराघरांत पोहोचवले, आणि मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये कुलपांचाच धंदा सुरू केला होता. जाड पट्ट्या, ढिली बसणी, त्यामुळे थोडी धूळ ते निमूट सोसते. "8 लिव्हर" हा आकडा बघून भुलू नका. लिव्हर किती नीट घासून बसवले आहेत यावर जास्त अवलंबून असते, आणि ते वरून दिसत नाही. गावाकडच्या शेडला, गुरांच्या गोठ्याशेजारच्या कंटेनरला चांगले लिव्हरचे कुलूप मला पिन-टंबलरपेक्षा बरे वाटते.

फिरत्या चकत्यांची यंत्रणा मात्र वेगळीच. एमिल हेन्रिक्सन या फिन्निश मेकॅनिकने 1907 मध्ये ती काढली, त्यातून पुढे अब्लॉय या कुलपांच्या कंपनीचे नाव झाले. किल्ली अर्धगोल असते. ती फिरवली की प्रत्येक चकती ठरावीक कोनात फिरते, सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की बाजूचा दांडा खाली उतरतो. चकत्यांना मागे ढकलायला स्प्रिंग लागत नाही, ते काम किल्लीच करते. गंजून निकामी व्हायला स्प्रिंगच नाही, आणि किल्ली ठोकून, पिना उसळवून कुलूप उघडायचा प्रकारही इथे चालत नाही. उरण, अलिबाग, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत किंवा सिमेंटच्या साइटवर पैसे असतील तर हीच घ्या. स्वस्त नकलाही मिळतात. त्यांच्या चकत्या सैल असतात, तरी पावसाळ्यात त्या तेवढ्याच किमतीच्या पिन-टंबलरला मागे टाकतात.

यंत्रणा कोणतीही असो, दुकानात दोन गोष्टी विचारा. कडीचे दोन्ही पाय आत अडकतात की एकच? एकच अडकत असेल तर कडी एका जागी कापून फिरवली की कुलूप सुटते. दोन्ही अडकत असतील तर दोनदा कापावे लागते. आणि दुसरे, ही किल्ली नाक्यावरचा चावीवाला पाच मिनिटांत करून देईल का? काम सोडून गेलेल्या सुपरवायझरच्या खिशात एक किल्ली राहिली असेल, तर कडी 14 मिलिमीटरची असून काय उपयोग? कार्ड दाखवल्याशिवाय नक्कल होत नाही अशा किल्लीचे कुलूप महाग पडते, पण माणसे बदलत राहणाऱ्या साइटवर ते मला कडीच्या जाडीइतकेच महत्त्वाचे वाटते.

पाकिटावरचे आकडे

आयात कुलपांवर ईएन 12320 या युरोपीय मानकाची 1 ते 6 अशी श्रेणी छापलेली असते. सहाव्या श्रेणीत कडी ओढून तोडायला 100 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 10 टनांचे बळ सोसावे लागते. कंटेनरसाठी चौथी श्रेणी पुरेशी आहे असे मला वाटते. पाचवी-सहावी तेव्हाच, जेव्हा पेटीही तोलामोलाची असेल. याच मानकात गंज सोसण्याचा आकडा वेगळा असतो, कोकणात तो आधी वाचा. एक मात्र लक्षात ठेवा: या चाचण्यांत ओढणे, पिळणे, कापणे, ठोकणे असते, ग्राइंडर नसतो. त्यामुळे सहावी श्रेणी म्हणजे ग्राइंडरपासून सुटका असे नाही.

बोल्ट सील, म्हणजे दाराच्या कोयंड्यात एकदाच लावायचा पोलादी खिळा, तिच्याबद्दल थोडक्यात, कारण तिला स्वस्त कुलूप समजणारे भेटतात. आयएसओ 17712 प्रमाणे 'एच' शिक्का असलेली सील मजबूत असते, निर्यातीच्या मालाला कारखान्यातच सील करायचे असेल तर 2017 पासून कस्टम्सला आरएफआयडीवाली, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारी ई-सील लागते. पण तिचे काम साक्ष देण्याचे. बोल्ट कटरने ती तुटते, आणि तुटल्याचे दिसते. माल रस्त्यावर असताना ती हवीच. साइटवर उभ्या कंटेनरला ती लावून घरी झोपायला जाणे म्हणजे खर्चच.

मग घ्यायचे काय?

कंटेनर तुमचा असेल आणि दोन-चार वर्षे एकाच जागी राहणार असेल, तर आधी लॉकबॉक्स आणि मग त्यात चकत्यांचे, आखूड आणि कडक कडीचे कुलूप. सगळे मिळून एका बऱ्या ड्रिल मशीनच्या आसपास खर्च येतो, आत अशी किती मशीन्स आहेत ते मोजा. भाड्याचा असेल तर आडवी पट्टी, पण कुलूप झाकलेली. रात्री वॉचमन असलेल्या बंद आवारात खांदेवाले कुलूप पुरते, फक्त ते उजव्या झडपेच्या दोन्ही हँडलांना लावा, एकाला नको. बजेट खरेच नसेल तर 12 मिलिमीटर कडक कडीचे कुलूप लावा आणि दुसरा कंटेनर किंवा जेसीबी दारासमोर एवढ्या जवळ उभा करा की झडप उघडायला जागाच उरणार नाही. मोठ्या साइटवर दोन कंटेनरची दारे समोरासमोर आणून ठेवतात, त्याला एक रुपया लागत नाही.

कंटेनर तीन-चार असतील तर सगळ्यांची एकच किल्ली असलेला संच सोयीचा पडतो, पण एक किल्ली हरवली की सगळी कुलपे बदलावी लागतात. साहित्याचा कंटेनर आणि मजुरांच्या सामानाचा कंटेनर यांना तरी वेगळ्या किल्ल्या ठेवा. आणि पावसाळा लागण्याआधी, मे महिन्यात, प्रत्येक कुलूप एकदा काढून झटकून पुन्हा लावा. जुलैत किल्ली फिरेनाशी झाली तर स्वतःच्याच कुलपावर ग्राइंडर चालवायची पाळी येते.