गाडीने सीमा ओलांडायची तर सुनौली की जयगाव?

स्वतःच्या गाडीने परदेशात जायचं ठरलं की आपल्याला नेपाळ आणि भूतान हे दोन देश सोपे पडतात. दोन्हीकडे व्हिसा लागत नाही, मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं आणि गाडीही डावीकडूनच चालवायची असते. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. गाडी चालवण्याची हौस असेल तर माझं मत नेपाळला.

गोरखपूरहून नेपाळच्या सीमेवरचं सुनौली साधारण शंभर किलोमीटर. कमानीखालून पलीकडे गेलो तरी देश बदलल्यासारखं वाटत नाही. तीच भोजपुरी कानावर येते आणि माणसं पिशव्या घेऊन पायी ये-जा करत असतात. गाडीसाठी मात्र भन्सार (सीमाशुल्क) कार्यालयात आरसी आणि लायसन्स दाखवून राहण्याच्या दिवसांचे पैसे भरायचे. घाटात दरड कोसळली तर अडकायला होतं, म्हणून एक-दोन दिवस जास्तीचे घ्या. भन्सारच्या पावतीवर विक्रम संवताचं साल होतं. आपण शके पंचांगात बघतो आणि विसरतो, तिथे सगळा सरकारी कारभार संवतावर चालतो. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० होतात.

भूतानच्या सीमेवरच्या जयगावला अगदी उलट अनुभव आला. अलीकडे हॉर्न, हातगाड्या, गर्दी; दरवाजापलीकडे फुंटशोलिंगला झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला तर समोरची गाडी थांबली. आम्हीच बावरून मागे सरलो. मुलीने विचारलं, "बाबा, आपल्याकडे का नाही थांबत?" मला उत्तर देता आलं नाही. थिंपूत सिग्नल नाहीत, चौकात पोलीस हातांनी वाहतूक वळवतो. साठ टक्के जमिनीवर जंगल राखायचं, हे त्यांच्या २००८ च्या राज्यघटनेतच आहे आणि वर घाट चढताना ते जंगल दिसतं.

पण भूतानचा खर्च नीट मोजा. आम्ही गेलो तेव्हा माणशी रात्रीचे १२०० रुपये शुल्क होतं, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मं. फुंटशोलिंगच्या पुढे भारतीय गाडी न्यायची तर दिवसाला वेगळे ४५०० रुपये. म्हणजे चार मोठी माणसं पाच रात्री राहिली, तर हॉटेलआधीच २४,००० आणि पाच दिवस गाडीचे २२,५००. त्यामुळे आम्ही गाडी जयगावलाच लावली आणि पुढे तिथली टॅक्सी केली. हात स्टीअरिंगवरून सुटल्यामुळे मला खिडकीबाहेर बघता आलं.

आईवडील सोबत असतील आणि मुक्काम थोडे पण निवांत हवे असतील, तर मी भूतानच सुचवेन. मुलं अठराच्या आतली असली तर त्यांचे जन्मदाखले बरोबर घ्या.