यूपीआय लाइट: जोडप्याच्या सामायिक खात्यातून गुपचूप भेट घ्यायची असेल तर

नवरा-बायकोचे पगार एकाच संयुक्त खात्यात जमा होतात, त्याच खात्यातून घरभाडे, वीजबिल, किराणा आणि मुलांची फी जाते, आणि दोघांच्याही मोबाईलवर त्या खात्याचे स्टेटमेंट हवे तेव्हा उघडता येते. ही व्यवस्था संसाराला सोयीची असली, तरी वाढदिवस किंवा दिवाळीचा पाडवा जवळ आला की तिची एक अडचण जाणवू लागते. यूपीआयने पैसे दिले की स्टेटमेंटमध्ये रकमेसोबत पैसे घेणाऱ्याचे नावही उमटते. घड्याळाच्या किंवा पैठणीच्या दुकानाचे नाव त्या ओळीत दिसले, की पाडव्याच्या ओवाळणीत काय पडणार हे औक्षणाचे तबक तयार होण्यापूर्वीच कळलेले असते. (कधीकधी दुकानाचा क्यूआर कोड मालकाच्या वैयक्तिक नावावर असतो आणि गुपित आपोआप राखले जाते, पण त्या योगायोगावर विसंबून खरेदी करता येत नाही.) या एकाच अडचणीच्या दृष्टीने मी गेले काही महिने यूपीआय लाइट वापरते आहे, आणि हे परीक्षणही तेवढ्याच अंगाने लिहिले आहे.

यूपीआय लाइट ही सोय सप्टेंबर २०२२मध्ये सुरू झाली. तिचा मूळ हेतू गुपिते राखण्याचा मुळीच नव्हता. चहा, भाजी, रिक्षा अशा किरकोळ व्यवहारांचा भार बँकांच्या मुख्य संगणक यंत्रणेवर पडू नये आणि ते झटपट पार पडावेत, यासाठी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ती तयार केली. खात्यातून थोडी रक्कम आधी लाइटमध्ये भरून ठेवायची आणि पुढे पिन न टाकता त्यातून पैसे देत राहायचे, असे तिचे स्वरूप आहे. आरंभी एका व्यवहाराची मर्यादा २०० रुपये आणि शिल्लक रकमेची मर्यादा २,००० रुपये होती. आता त्या मर्यादा अनुक्रमे १,००० आणि ५,००० रुपये आहेत. भीम, फोनपे, गुगल पे आणि पेटीएम या चारही अ‍ॅपमध्ये ही सोय मिळते, मात्र आपली बँक त्यात सहभागी असावी लागते.

आपल्या कामाची गोष्ट या रचनेतूनच निघते. लाइटमधून केलेले व्यवहार बँकेच्या पासबुकात एकेक करून उमटत नाहीत; तेथे फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची नोंद राहते. म्हणजे खात्यातून दोन हजार रुपये गेले हे नवऱ्याला दिसते, पण ते पुस्तकांच्या दुकानात गेले की पेनाच्या, हे दिसत नाही. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण सामायिक पैशातून भेट घेताना रक्कम लपवणे आणि वस्तू लपवणे यांत मोठा फरक आहे. दोघांच्या कमाईतून किती पैसे बाहेर गेले, हे दोघांनाही कळायलाच हवे. महिनाअखेरीस हिशोब जुळला नाही तर भेटीचा आनंद त्या वादात वाहून जातो. त्या पैशांचे काय आले, हे मात्र वेळ येईपर्यंत एकालाच ठाऊक असले तरी कोणाचे काही बिघडत नाही. लाइट नेमकी ही विभागणी करते, आणि तीही कोणालाही खोटे बोलायला न लावता.

हजार रुपयांच्या आतली खरेदी असेल तर अनुभव उत्तम आहे. शाईचे पेन, अत्तराची कुपी, एखादी कादंबरी किंवा बरणीभर काजूकतली हे सारे सहज बसते. हजाराच्या वर गेलात की पंचाईत सुरू होते. चांगली कोल्हापुरी चप्पल आता सहसा हजारात येत नाही, आणि चार हजारांची साडी लाइटने घ्यायची तर दुकानदाराला चार वेळा स्कॅन करू देण्याची विनंती करावी लागते. बहुतेक दुकानदार हसून होकार देतात, पण दर वेळी गल्ल्यावरचा साउंडबॉक्स खणखणीत आवाजात ‘एक हजार रुपये प्राप्त झाले’ अशी घोषणा करतो आणि मागे उभी असलेली गिऱ्हाईके माना वळवतात. पासबुकात पाळलेली गुप्तता दुकानात अशी चारचौघांत जाहीर होते, म्हणून ओळखीच्या दुकानात हा प्रयोग न केलेला बरा.

दुसरी उणीव फोनमधील आहे. पासबुकात नोंद नसली तरी अ‍ॅपच्या इतिहासात दुकानाचे नाव, दिनांक आणि रक्कम हे सारे राहते. ज्या घरांत एकमेकांच्या फोनचा पासवर्ड दोघांनाही माहीत असतो आणि ‘जरा तुझ्या फोनवरून पैसे दे’ असे दिवसातून दोनदा म्हटले जाते, तेथे हे दार उघडेच राहते. पेटीएमने २०२५मध्ये इतिहासातील एखादा व्यवहार नजरेआड करण्याची सोय दिली; पण ती फक्त अ‍ॅपमधील यादी झाकते, बँकेच्या स्टेटमेंटला हात लावत नाही, त्यामुळे साध्या यूपीआयसोबत वापरल्यास तिचा उपयोग अर्धाच होतो. लाइट आणि ही सोय एकत्र वापरली तर दोन्ही बाजू झाकल्या जातात. बँक दिवसाअखेरीस लाइटच्या व्यवहारांचा एकत्रित संदेश पाठवत असेल, तर तो कोणाच्या क्रमांकावर जातो हेही आधी पाहून घ्यावे. शिवाय पिन लागत नसल्यामुळे, उघडा फोन हाती लागलेला कोणीही लाइटमधील रक्कम खर्च करू शकतो. म्हणून गरजेपेक्षा जास्त पैसे त्यात भरून ठेवू नयेत.

इतर पर्यायांशी तुलना केली तर लाइटचा खरा प्रतिस्पर्धी रोख पैसाच आहे. एटीएममधून पाच हजार काढले की स्टेटमेंटमध्ये फक्त रक्कम दिसते, दुकान दिसत नाही. शिवाय हजाराची मर्यादाही आड येत नाही. तांदळाच्या डब्यात नोटा साठवणाऱ्या आपल्या आज्यांना हे तंत्र कोणी शिकवावे लागले नव्हते, फक्त ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री त्यांतल्या अनेकींना आपली गंगाजळी घरात उघड करावी लागली. परंतु जिथे दहा रुपयांची कोथिंबीरही यूपीआयने येते, त्या घरात अचानक काढलेली रोकड स्वतःच प्रश्न विचारायला लावते. पूरक क्रेडिट कार्डाचा तर विचारही करू नये, कारण त्याचा सगळा खर्च मुख्य कार्डधारकाच्या बिलात दुकानाच्या नावासह येतो. यूपीआय सर्कल ही त्याहून नवी सोयही येथे निरुपयोगी आहे; तिच्यात एकाच्या खात्यातून दुसऱ्याला खर्च करता येतो, पण मूळ खातेदाराला प्रत्येक व्यवहार दिसतो. घरातील वडीलधाऱ्यांसाठी किंवा कॉलेजातल्या मुलांसाठी ती चांगली असेल, वाढदिवसाच्या भेटीसाठी नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार गिफ्ट कार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये असते, त्यामुळे ते लाइटपेक्षा ऐसपैस आहे; तथापि विशिष्ट दुकानाचे कार्ड घेतले तर त्याचे नाव खरेदीच्या क्षणीच स्टेटमेंटमध्ये येते. अनेक दुकानांत चालणारे कार्ड घेतले तरच त्यात अर्थ आहे.

सोन्याच्या बाबतीत मात्र यांपैकी काहीच चालत नाही. आजच्या भावात पाच हजारांत एक ग्रॅमही येत नाही, आणि सराफांच्या अकरा महिन्यांच्या हप्त्यांच्या योजनेत दरमहा सराफाचे नाव खात्यात उमटत राहते, म्हणजे पाडव्याचे गुपित अकरा वेळा छापून येते. दोन लाखांहून अधिक किमतीच्या दागिन्याला पॅन द्यावा लागतो आणि तेवढी रोख रक्कम सराफाला घेताही येत नाही, तेव्हा तेथे बजेट एकमेकांशी बोलूनच ठरवावे आणि घडणावळ, नक्षी, मोत्यांची जात एवढेच स्वतःकडे ठेवावे.

लाइटला मी या कामासाठी पाचपैकी साडेतीन गुण देईन; एका व्यवहाराची मर्यादा दोन हजारांवर गेली असती तर चार दिले असते. वापरणाऱ्यांसाठी एक सूचना अशी की, शिल्लक कमी झाली की खात्यातून आपोआप रक्कम भरणारी ऑटो टॉप-अपची सोय भेट घेण्याच्या आठवड्यात बंद ठेवावी, कारण एरवी महिन्यातून एकदा दिसणारी नोंद चार दिवसांत तीनदा दिसली, तर हिशोब पाहणारा जोडीदार दुकानाचे नाव नसतानाही अंदाज बांधतो. त्याऐवजी महिन्याच्या सुरुवातीलाच, किराण्याच्या खर्चासोबत, पूर्ण रक्कम एकदाच भरून टाकावी. भेट घेऊन झाल्यावर पैसे उरले आणि लाइट नको असेल तर ती बंद करता येते, आणि उरलेली रक्कम मूळ खात्यात परत जमा होते.