नखं खायची सवय सोडवणारं कडू नेलपॉलिश : सात आठवडे वापरून ५ पैकी ३ स्टार

आधीच सांगून टाकतो, वय चाळीसच्या पुढे आणि अजून नखं खातो. खातो म्हणजे कुरतडतो, पण आमची आई 'खातोस' म्हणायची म्हणून तोंडात तेच बसलंय. सगळे उपाय करून झाले आणि शेवटी हे कडू नेलपॉलिश मागवलं. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण आत बहुतेकांच्या एकच केमिकल असतं, डेनाटोनियम बेंझोएट, लेबलवर बघून घ्या. जगातल्या सगळ्यात कडू पदार्थांत याचं नाव घेतात. १९५८ साली स्कॉटलंडमधल्या एका औषध कंपनीत अंग बधिर करायच्या औषधांवर काम चालू असताना हे अपघाताने सापडलं. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून निन्टेंडो स्विचच्या त्या इवल्याशा गेम कार्डांवर पण हेच लावतात.

रंग नाही, ट्रान्सपरंट आहे, त्यामुळे पुरुषांनी लाजायचं कारण नाही. पहिल्या दिवशी लावलं, दहा मिनिटांत विसरलो आणि बोट तोंडात... ब्रह्मांड आठवलं. डोळे गच्च मिटले, नाक आक्रसलं, जीभ बाहेर. समोर आरसा होता म्हणून दिसलं आणि बघून हसूच आलं कारण अगदी तान्ह्या बाळाला कडू औषध पाजल्यावर ते करतं तसंच तोंड झालं होतं. हे तोंड आपल्याला कोणी शिकवत नाही बरं का, नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या जिभेवर कडू थेंब ठेवला तरी ते असंच करतं. विष बऱ्याचदा कडू असतं, म्हणून जिभेवर आलेलं बाहेर ढकलायची सोय शरीराने आधीच करून ठेवलीये. डार्विनने १८७२ साली चेहऱ्यावरच्या भावांवर अख्खं पुस्तक लिहिलं त्यात किळस आल्यावरच्या चेहऱ्याचा संबंध त्याने असाच थुंकण्याशी, ओकारीशी जोडलाय. म्हणजे आपण एखाद्याचं वागणं बघून नाक मुरडतो तेव्हा पण मुळात काहीतरी थुंकूनच टाकत असतो!

असो, प्रॉडक्टवर येतो.

पहिला आठवडा भारी गेला. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी कडू सहन करायला लागलोय, म्हणजे सवय मोडायला आणलेल्या वस्तूचीच सवय, काय बोलणार. पण त्याहून महत्त्वाचं कळलं ते हे की हात तोंडाकडे कधी जातो याचा मला आयुष्यभर पत्ताच नव्हता. कडू लागलं की मी थांबून बघायचो, आत्ता काय चालू होतं? दर वेळी एकच, मीटिंग रटाळ चाललीये नाहीतर काम अडकलंय. मी इतकी वर्षं समजत होतो की टेन्शनमुळे खातो. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये २०१५ साली यावर अभ्यास झाला होता त्यात पण नखं खाणाऱ्या, केस उपटणाऱ्या लोकांना निवांत बसवल्यावर ओढ कमी आणि कंटाळवाणं किंवा चिडचिड होईल असं काही दिल्यावर जास्त असं दिसलं. सगळं परफेक्टच पाहिजे असा हट्ट असणाऱ्यांत हे जास्त असतं असंही त्यांचं म्हणणं आहे (हे बायकोला वाचून दाखवलं, ती नुसती हसली).

त्यामुळे माझ्या मते हे औषध नाही, अलार्म आहे. अलार्म वाजल्यावर पुढे काय करायचं ते बाटलीवर कुठेच लिहिलेलं नाही आणि माझा एक स्टार तिथेच कापलाय. ते मला नंतर सापडलं, एझ्रिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये पद्धत सांगितलीये की ओढ आली की त्याच हाताने दुसरं काहीतरी करायचं, मूठ आवळून धरायची, मिनिटभर तरी. कडू लागलं की मूठ, असं चालू केल्यावर खरा फरक पडला.

दुसरा स्टार 'फक्त २१ दिवसांत सवय गायब' या जाहिरातीसाठी कापला. हा २१ चा आकडा १९६० च्या सुमारास एका प्लास्टिक सर्जनने सांगितला होता, पेशंटला आपला नवीन चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी इतके दिवस लागतात म्हणून. नखांचा काय संबंध? लंडनमध्ये ९६ लोकांवर प्रयोग झाला तेव्हा नवीन सवय लागायलाच सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४, आणि ही लावायची गोष्ट, सोडायची तर वेगळीच कथा.

बाकी बारीक तक्रारी. हात धुऊन धुऊन दोन दिवसांत लेयर जातो. ब्रश जाड आहे, कडेच्या कातडीवर लागतो, पण मी ती पण चावतो त्यामुळे चालतंय. आणि बोटाला थुंकी लावून पानं उलटायची सवय असेल तर हात दाखवून अवलक्षण, मला ती दुसरी सवय आहे हे पण या बाटलीमुळेच कळलं.

आत्ता नऊ नखं वाढलेली आहेत, दुसरी बाटली मागवलीये. दहावं, उजव्या अंगठ्याचं, हा रिव्ह्यू टाइप करताना शब्द सुचत नव्हता तेव्हा गेलं, त्यावर लेयर लावायचा राहिला होता.