एआरटीची रोजची गोळी: गजर, डबी की घरातला माणूस?

एआरटी म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार. त्यातली टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर यांची मिळून एकच गोळी, दिवसातून एकदा घ्यायची. तरी ती चुकते. महिन्याच्या 30 गोळ्यांपैकी एक राहिली तर नियमितपणा 97 टक्क्यांच्या आसपास. दोन राहिल्या की 93, म्हणजे एआरटी केंद्रावर ज्या 95 चा आग्रह धरतात त्याच्या खाली. उपाय निवडण्याआधी ती कशामुळे चुकते ते पाहावं.

नुसता विसर पडत असेल तर मोबाइलचा गजर पुरे. त्यावर औषधाचं नाव लिहू नये. ‘मोटार लाव’ चालेल. वेळ अशी निवडावी की जेव्हा गोळ्या हमखास हाताशी असतात. डोलुटेग्रॅव्हिरमुळे झोप उडत असेल तर सकाळची. गजराची खोट एकच: तो बंद करून ‘जरा वेळानं घेतो’ म्हटलं, की संध्याकाळी गोळी घेतली की नाही तेच आठवत नाही.

सात खणांची डबी ते सांगते. मंगळवारचा खण रिकामा म्हणजे गोळी पोटात गेली. पण डबी हाक मारत नाही, आणि या गोळ्यांना ओल सोसत नाही. म्हणून एका वेळी सातच काढाव्यात, बाकीच्या मूळ बाटलीत ओल शोषणाऱ्या पुडीसह राहू द्याव्यात. बहुतेकांनी गजर आणि डबी दोन्ही एकत्र वापरावं. खर्च किरकोळ आहे.

घरातला माणूसही उपयोगी, पण रुग्णानं स्वतः निवडला तरच. समुपदेशकानं परस्पर सासूला किंवा भावाला कळवणं हा उपाय नव्हे. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं गोपनीयतेला संरक्षण दिलं आहे. सोबत्यानं ‘घेतलीस का?’ एवढंच विचारावं. रोज उलटतपासणी सुरू झाली की रुग्ण खोटं बोलायला शिकतो, आणि उरलेल्या गोळ्या फेकून दिल्या की केंद्रावरची मोजणीही फसते. खरं काय ते व्हायरल लोडच, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाणच, सांगतो.

घरच्यांपासून लपवावं लागत असल्यामुळे गोळी चुकत असेल तर वाजणारा गजर आणि उघड्यावरची डबी उलट अडचणीची. तेव्हा वेळच बदलावी: कामावर पोहोचल्यावर घ्यावी. बाटलीचं लेबल सोलायचंच असेल तर मुदतीची तारीख झाकणावर लिहावी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न विसरण्याचा नसून औषध संपण्याचा असतो. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांचं औषध एकदम मिळेल का, हे निघण्यापूर्वी केंद्रात विचारावं.

कोणताही मार्ग घेतला तरी चुकलेली गोळी आठवताक्षणी घ्यावी. पुढची चार तासांच्या आत असेल तर सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. अ‍ॅसिडिटीसाठी अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड घेत असाल तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. नाहीतर ती वेळेवर घेऊनही रक्तात पुरेशी उतरत नाही.