‘सीलबंद, नवं कोरं’ रीळ आणि माझे 21,730 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. मासे गरवायच्या रिळाचे 18,500. कुरिअरचे 450. मग ‘बदलून देतो’ म्हणून घेतलेले 2,400. आणि ते गंजकं धूड विकणाऱ्याकडे परत पाठवायला माझ्याच खिशातून गेलेले 380. झाले 21,730. आज माझ्याकडे काय आहे? एक रिकामं खोकं आणि तेलाचा डाग पडलेली मखमली थैली.

मी काही काल रॉड हातात घेतलेला नाही. रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी गरवणाऱ्यांत मला ओळखतात. हातदोरीने गरवत मोठा झालो, रीळ नंतर आलं. त्यामुळे ‘लालच केलीस, भोग’ असं कुणी म्हणणार असेल तर त्याने पुढे वाचू नये. एका नामांकित जपानी कंपनीचं 8000 साइझचं रीळ दुकानात एकतीस हजारांच्या आसपास होतं, हा विकणारा 18,500 म्हणत होता. मुंबईतल्या दुकानदारांचे भाव बघितले की कुणीही दुसरीकडे बघणारच. लालच कसली, परवडत नव्हतं.

पद्धत तुम्हाला पाठ असेल. गोदाम रिकामं करायचंय, दोनच पीस उरलेत, तिसरा माणूस मागतोय पण तुम्ही आपले म्हणून ठेवलंय, दर वाक्याला ‘दादा’. बिल मागितलं तर ‘बिलावर घेतलंत तर टॅक्स वर पडेल दादा.’ स्वतः पुण्याचा म्हणाला, पार्सलवर पत्ता ठाण्याचा, खात्यावर नाव एका बाईचं. ‘मिसेसचं खातं आहे.’ असेल बाबा. माझ्या घरातली निम्मी बिलं बायकोच्या खात्यातून जातात, मला त्यात खटकण्यासारखं काय वाटणार?

पण जे खटकायला हवं होतं ते वेगळंच होतं, आणि ते मला समोर दाखवलं गेलं होतं. व्हिडिओ कॉलवर त्याने रीळ कॅमेऱ्यासमोर धरलं, हँडलला एक टिचकी मारली आणि सोडून दिलं. हँडल फिरतंय, फिरतंय, थांबायचं नाव नाही. ‘लोणी आहे दादा, लोणी.’ आणि मी, खाऱ्या पाण्यात इतकी वर्षं घालवलेला माणूस, कौतुकाने बघत बसलो.

अरे, सील असलेलं रीळ असं भिरभिरत नाही! हँडलच्या दांड्याला, रोटरच्या (दोरा गुंडाळणाऱ्या फिरत्या भागाच्या) खाली पाणी आत जाऊ न देणारे रबरी सील असतात, ते फिरणं किंचित अडवतात. त्यात आत समुद्रासाठीचं जाड ग्रीस. चांगलं सीलबंद रीळ हातात जरा जडच लागतं, टिचकी मारून सोडलं की एक-दोन फेऱ्यांत थांबतं. जे पंख्यासारखं फिरतं त्यात सील नाहीत, किंवा ग्रीस नाही, किंवा दोन्ही नाही. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मीच त्याला पाच मिनिटं समजावलं असतं.

वर तो म्हणाला, ‘आयपीएक्स-6 आहे, बादलीत बुडवा, काही होत नाही.’ आयपीएक्स हे पाणी किती अडतं त्याचं रेटिंग, 6 म्हणजे जोरदार फवारा सहन करतं. बुडवण्याचं रेटिंग 7 आणि 8. पेन या रीळ कंपनीवाले त्यांच्या स्लॅमर मॉडेलवर आयपीएक्स-6 आणि स्पिनफिशर-6 वर आयपीएक्स-5 लिहितात, म्हणून काही ती कुणी बादलीत टाकत नाही. विकणारा जेव्हा ‘बुडवा’ म्हणतो तेव्हा त्याला माल कळत नाही, नाहीतर तुम्हाला कळत नाही असं तो धरून चालतो. माझ्या बाबतीत दुसरं.

पार्सल आलं. थैलीला तेलाचा डाग. नव्या रिळाच्या थैलीला तेल कुठून? बायकोने रीळ हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाली, ‘अहो, हा स्क्रू कुणीतरी फिरवलाय.’ उजव्या बाजूच्या प्लेटचा खालचा स्क्रू. त्याची खाच चेपलेली, काळा रंग उडून आतलं पितळ दिसत होतं. मी म्हणालो, फॅक्टरीत होतं असं कधीकधी. हे वाक्य मी कुठून आणलं देव जाणे. तिने हल्ली ते मला ऐकवणं बंद केलंय, तेच जास्त लागतं.

नंतर जे व्हायचं ते झालं. ओहोटीला पाणी धावत होतं, जिताड्याने लूर (नकली आमिष) घेतला, रॉड वाकला आणि हँडल उलटं फिरलं. उलटं न फिरू देणारं वन-वे बेअरिंग घसरलं. हँडलने माझ्या बोटांची सालं काढली, दोरा सैल पडला, मासा गेला. सोबतच्या मंडळींनी हसून घेतलं.

बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या एका मेकॅनिकने माझ्यासमोर ते उघडलं. आत ग्रीस नावाला नाही, शिलाई मशीनला घालतात तसलं पातळ तेल ओतलेलं. वन-वे बेअरिंग त्या तेलात न्हालेलं, मग ते पकडणार कसं? त्यात तेलाचा पुसट हात पुरे असतो, जास्त झालं की रोलर घसरतात. सील काढून टाकलेले. मेन गिअरच्या दातांवर खड्डे, बॉल बेअरिंगला तांबूस गंज, ॲल्युमिनियमच्या बॉडीत आतून पांढरी भुकटी. ड्रॅगमध्ये, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या ब्रेकमध्ये, कार्बनच्या चकत्यांऐवजी कुणीतरी कात्रीने कापलेलं फेल्ट. ‘काका, हे खाऱ्या पाण्यात पडलेलं होतं आणि तसंच कुठेतरी पडून राहिलंय,’ तो म्हणाला. बाहेरून मात्र पॉलिश आणि नवा स्टिकर.

इथे मी थांबायला हवं होतं. पण त्या भामट्याचा आवाज फोनवर इतका ओशाळलेला होता! ‘दादा, गोदामातून डिस्प्ले पीस गेला वाटतं, मलाच लाज वाटते. तुम्ही तो पाठवा, नव्या मॉडेलचा पाठवतो, फरक फक्त 2,400.’ मी पैसेही पाठवले आणि रीळही. म्हणजे पुरावा मीच पॅक करून, पत्ता घालून, त्याच्या घरी पोचवला. तिसऱ्या दिवशी नंबर बंद. लक्षात ठेवा, वस्तू खोटी निघाली तर ती परत पाठवायची नाही, मग समोरचा रडो की पाया पडो. आधी फोटो, उघडतानाचा व्हिडिओ, पार्सलवरचा स्टिकर. माझ्याकडे मेकॅनिकच्या फोनमधले दोन फोटो आहेत, तेही त्याने स्वतःच्या हौसेने काढले म्हणून.

आता आपल्या यंत्रणेची गंमत. पोलीस चौकीत पहिला प्रश्न : ‘मासे पकडायच्या चरखीला अठरा हजार?’ टेबलाभोवतीचे सगळे हसले. मी फसवणूक सांगतोय आणि हे माझ्या छंदाची किंमत काढतायत. मग म्हणे, ‘वस्तू मिळाली ना? वस्तू मिळाली म्हणजे फसवणूक नाही, सिव्हिल मॅटर आहे.’ मी सांगितलं, साहेब, वस्तू आता माझ्याकडे नाही, त्यानेच मागवून घेतली. तर म्हणे, ‘वस्तू नाही मग पुरावा काय?’ वस्तू होती तर गुन्हा नाही, वस्तू नाही तर पुरावा नाही. मग माणसाने तक्रार नेमकी कोणत्या मुहूर्तावर करायची?

नंतर ‘ठाण्याला जा, पार्सल तिथलं आहे.’ भारतीय न्याय संहितेचं 318 कलम फसवणुकीचं आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे मी घरून वाचून गेलो होतो. बोललो तर उत्तर आलं, ‘वकील आहात का?’ अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. बँकेत मॅडम म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे, आम्ही काही करू शकत नाही. कुरिअरवाले पाठवणाऱ्याची माहिती देत नाहीत, गोपनीयता म्हणे. चोराची गोपनीयता सांभाळायला सगळे तयार! पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तरच काही उपयोग. मला उशीर झाला, कारण मी बदलून येणाऱ्या रिळाची वाट बघत बसलो होतो. ‘बदलून देतो’ हे त्यासाठीच असतं.

आणि हे वाचा. काही आठवड्यांनी त्याच मालाची जाहिरात वेगळ्या नावाने दिसली. ‘सीलबंद, नवं कोरं, 19,500.’ फोटो मोठा करून बघितला, तोच चेपलेला स्क्रू. हजार रुपये भाव वाढवलाय, हरामखोराने. ती जाहिरात घेऊन पुन्हा चौकीत गेलो. ‘विकतोय तो. विकणं गुन्हा आहे का?’

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी व्हिडिओ कॉलवर स्पूल (दोरा गुंडाळायची चकरी) काढायला लावा, खालचा दांडा आणि चकत्या बघा. दोरा ज्यावरून वळतो त्या लाइन रोलरवर ओली बोटं फिरवायला सांगा, तो फिरला पाहिजे, त्यात दोऱ्याने पाडलेली खाच नको. हँडल किती वेळ फिरतं ते बघू नका, ड्रॅग आवळून स्पूल ओढायला लावा आणि हँडल मागे सरकतं का ते बघा. ‘बारा बेअरिंग’ वगैरे ऐकून भुलू नका, चार चांगली पुरतात. दुकानाचा शिक्का नसलेलं वॉरंटी कार्ड म्हणजे रद्दी.

जुनं रीळ नीट सांभाळलं असतं तर मला हे नवं लागलंच नसतं, हेही खरं, कारण पाइपच्या जोराच्या धारेने धुवून धुवून मीच त्यात मीठ आत ढकललं होतं. ड्रॅग आवळायचा, गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, पुसायचं, वाळू द्यायचं, मग ड्रॅग सैल करून ठेवायचा. लाइन रोलरला तेलाचा एक थेंब. डब्ल्यूडी-40चा स्प्रे आत मारू नका, ते ग्रीस धुऊन काढतं. ब्रेडेड (विणलेला) दोरा खारं पाणी धरून ठेवतो आणि स्पूल त्याच्याखाली गंजत जातो, पावसाळ्यात रीळ कपाटात ठेवण्याआधी दोरा उतरवाच.

आता ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, चौकीत हे कुणी सांगितलं नाही. प्रतिवादीचं खरं नाव-पत्ता मात्र लागतो आणि अडलंय तिथेच. याच माणसाकडून कुणी घेतलं असेल तर पार्सलवरचा स्टिकर आणि पैसे पाठवल्याची पावती फेकू नका. मला दोन्ही हवंय.